टिकाराम उगेमुगे रुसतो

लग्नात नवरदेवाचा मामा रुसला की तळेगावच्या आसपासच्या दहा-बारा गावांतून माणूस धावायचा तो टिकाराम उगेमुगेच्या घराकडं. टिकाराम वखरावर असो की जेवणाच्या ताटावर, निरोप्या धापा टाकत सांगायचा, "टिकारामजी, चाला लवकर! मामाजी मांडवातून उठले अन् बंडीत जाऊन बसले!" टिकाराम हात धुवायचा, खुंटीवरचा दुपट्टा खांद्यावर टाकायचा आणि एकच विचारायचा, "बैल जुपले का?"

बैल जुंपले नसले तर मामाला कुठं जायचं नाही, नुसतं बोलावून घ्यायचं आहे. बैल जुंपले, पण मामा मांडवाकडं तोंड करून बसला, तरी भिण्यासारखं काही नाही. बैल जुंपलेले, तोंड रस्त्याकडं आणि मामीसुद्धा बंडीत चढलेली, असं कळलं तर मात्र टिकाराम दुपट्टा ठेवून पटका बांधायचा. म्हणजे काम वेळखाऊ आहे.

त्याची रीत ठरलेली होती. रुसलेल्या माणसाला तो कधी विचारत नसे, की बाबा, तू रुसला कशापायी? "काऊन रुसले, असं इचारलं का मानूस कारन सांगते," तो म्हणायचा, "अन् एकडाव कारन सांगतलं का त्याचं त्यालेच ते खरं वाटाले लागते." तो गडवाभर पाणी घेऊन जायचा, रुसलेल्यापेक्षा जरा खाली बूड टेकायचा आणि त्याच्या बैलांच्या शिंगांविषयी बोलत राहायचा. अर्ध्या घंट्यानं रुसलेला आपणहून पाणी मागायचा. मग टिकाराम म्हणायचा, "तुमचं खरं हाय जी." तिथून मांडवात येऊन पोरीच्या बापाला म्हणायचा, "तुमचंई खरं हाय." यात लबाडी नव्हती. ज्याच्याजवळ बसावं त्याचं त्याला मनापासून पटायचं. घडणच तशी होती.

असा माणूस राजकारणात कसा शिरला म्हणाल, तर एका खुर्चीपायी.

एक्कावन्न साली मालगुजारी, म्हणजे गावोगावची जमीनदारी, गेली. टिकारामच्या गावचे मालगुजार भैयाजी यांच्याकडं मग फक्त झुलायला बंगई आणि ढेरी राहिली. शेजारच्या गावी दीडशे एकराचे धनी रूपराव होते. सोवळ्याचे कडक आणि बोलायला त्याहून कडक. या दोघांनी मिळून लोकमर्यादा पक्ष काढला. पक्षाचं म्हणणं सोपं होतं : जे जसं आहे ते तसंच राहू द्या. कुळकायदा नको, लग्नाचा नवा कायदा नको, सहकारी शेती तर नकोच नको. नव्या गोष्टींपैकी पक्षाला फक्त लाऊडस्पीकर चालायचा.

पहिलं अधिवेशन तळेगावच्या बाजारात, एका कापसाच्या कोठारात भरलं. टिकाराम तिथं गेला होता तो भजनी मंडळाची सतरंजी पोचवायला. बघतो तर भैयाजी हातांच्या खुर्चीत, रूपरावांची खुर्ची बिनहातांची, आणि रूपराव उठून बाहेर आपल्या छोट्या बैलगाडीत, रेंगीत, जाऊन बसलेले. सतरा लोक हात जोडून उभे आणि सतराही जण विचारत होते, "काऊन रुसले जी?" टिकारामच्यानं ते बघवेना. त्यानं सगळ्यांना हाकललं, पाणी मागवलं, रेंगीच्या चाकाशी बसला. अर्ध्या घंट्यानं रूपराव आत आले. तोवर टिकारामनं दोन्ही खुर्च्या उचलायला लावल्या होत्या. "सतरंजीले हातच नसते," तो म्हणाला. दोघेही पुढारी सतरंजीवर बसले, लाऊडस्पीकर बोलायला लागला आणि टिकाराम पक्षाचा झाला.

पुढल्या साली पक्ष दुभंगला, तो चहावरून. भैयाजींनी अधिवेशनात चहा केला होता. कप हातात येताच रूपराव कडाडले, "इंग्रज गेला अन् त्याचं उष्टं पानी आपन मर्यादावाले पिऊन राह्यलो?" भैयाजी म्हणाले, "दूध आपलं, गूळ आपला, बशी आपली. इंग्रजाचं हाय काय त्याच्यात? पाला!" खरं कारण वेगळंच होतं. पक्षाचा तहसिलीचा अध्यक्ष कोण, हा तो प्रश्न. पण असं उघड कोण बोलणार? चहावर कसं मनसोक्त बोलता येई. तेव्हापासून पक्षात चहावाले आणि ताकवाले असे दोन तट पडले, आणि एका तटाच्या बैठकीला दुसऱ्या तटाचा माणूस पाय ठेवीना.

एक टिकाराम सोडून. तो सकाळी भैयाजींच्या ओसरीवर चहा प्यायचा आणि दुपारी रूपरावांच्या ओसरीवर ताक. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी रुसायचंच. टिकाराम जायचा, शिंगांविषयी बोलायचा, माणूस परत आणायचा. तीन-चार साल पक्ष पुरता फुटला नाही तो याच्या पायांवर. चहावाले मात्र म्हणत, "टिकारामच्या मिशीले ताक लागून हाय." ताकवाल्यांना त्याच्या अंगाला चहाचा वास यायचा. आणि त्याचं पोट त्याला काय म्हणायचं, ते इथं नको.

सभेची पत्रकं पुलगावहून छापून आणायचं कामही त्याचंच. त्यात ठळक अक्षरांत भैयाजी, रूपराव, आणखी पाच-सहा नावं, आणि शेवटी बारीक अक्षरांत 'व इतर मंडळी'. एकदा त्याची बायको अनुसयाबाई पत्रक उलटंसुलटं करत म्हणाली, "तुमचं नाव दाखवा बरं मले."

टिकारामनं बोट ठेवलं. "हे काय. 'व इतर मंडळी'. याच्यात हाओ मी."

"मंडळी म्हंजे त मी," अनुसयाबाई म्हणाली. "तुमी कुठी हा?"

ते टिकारामला लागलं. त्यानं कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच घर करून बसलं : एकदा, एकाच कागदावर, आपलं नाव पुरतं उमटलेलं बघायचं. टिकाराम गोविंदा उगेमुगे.

आणि तहसिलीचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेची निवडणूक लागली. तळेगावच्या जागेसाठी पक्षाला एक उमेदवार ठरवायचा होता. बैठक त्याच कोठारात. भैयाजी एका खोलीत, रूपराव दुसऱ्या खोलीत, मधल्या बोळातून टिकाराम येरझाऱ्या घालतोय. भैयाजींना ताकवाला नको, रूपरावांना चहावाला नको. अकरा चकरा झाल्या. बाराव्या चकरेला टिकारामनं दोघांनाही कबूल करवलं, की उमेदवार असा असावा जो ना ह्या तटाचा ना त्या तटाचा. त्यासाठी तो सकाळीच धुतलेला पटका बांधून आला होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दोघे पुढारी बोळात आले.

"असा एकच मानूस हाय आपल्यात," भैयाजी म्हणाले.

"एकच," रूपराव म्हणाले. गेल्या तीन सालांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत होत होतं.

टिकारामनं मान खाली घातली. हात आपोआप जोडले गेले.

"हरिदास," रूपरावांनी नाव घेतलं आणि भैयाजींनी मान डोलावली.

हरिदास बाजारात बांगड्या विकायचा. पक्षात येऊन त्याला तीन आठवडे झाले होते, आणि तोही लाऊडस्पीकर त्याच्या दुकानाच्या खांबाला बांधला होता म्हणून. तो ना कोणाकडं चहाला गेला होता, ना ताकाला.

"अन् मी?" टिकारामच्या तोंडून निघून गेलं.

भैयाजी हसले. "तू? तू त दोघाईचा हा ना बापा! आपल्याले दोघाईचा नसलेला पाह्यजे."

घरी आला तेव्हा अनुसयाबाई भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मंग? तुमी काय म्हनलं?"

"काय म्हनू? त्याईचंई खरं हाय."

तिनं तव्यावरची भाकरी अशी उलटली की चुलीतली राख उडाली. "रुसा," ती म्हणाली.

"काय?"

"रुसा म्हनलं. सारी दुनिया रुसते. ज्याच्या पायाले पानी लागलं नाई तोई रुसते. तुमी उभ्या जल्मात एकडाव रुसले नाई."

"मले येत नाई वो."

"पाह्यलं त लय हाय!"

टिकाराम रुसला. आतल्या खोलीत बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला. सवयीनं गडवाभर पाणी मात्र त्यानं स्वतःच उशाशी आणून ठेवलं होतं. पहिला दिवस गेला, कोणी आलं नाही. दुसरा दिवस उगवला. गिळायचं नाही असा त्याचा नेम होता आणि बाहेर अनुसयाबाई मुद्दाम फोडणी देत होती.

"कोनी आलतं?" त्यानं भिंतीला विचारलं.

"कोन येईन? रुसलेल्याले मनवाले तुमालेच धाडते लोक. तुमाले मनवाले कोनाले धाडतीन?" टिकाराम उठून बसला. ही अडचण त्याच्या ध्यानातच आली नव्हती. "अन् घरात रुसल्यावर कोन पाह्यते जी?" अनुसयाबाईनं पुढं विचारलं. " भिताडाले मनवाले सांगू का?"

तिसरा दिवस तळेगावच्या बाजाराचा. उमेदवारीचा अर्ज दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तहसिलीच्या गावी, आर्वीला, भरायचा होता, म्हणजे रुसायला हाच शेवटचा दिवस. अनुसयाबाईनं बाज बंडीत घातली, नवऱ्याला बाजेवर घातलं आणि कोठारासमोरच्या निंबाखाली दोघांनाही उतरवलं. स्वतः मात्र बंडीतच बसून राहिली. टिकारामनं हळूच सांगितलं, "बैल सोडू नोको. तोंड रस्त्याकडं राहू दे." निदान रुसवा तरी कायद्याचा असावा.

बाजार भरला. लोक येत होते, जात होते, आणि बाजेवर बसलेला माणूस रुसलेला आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. वांगेवाल्या शोभाबाईनं आपली टोपली त्याच्या बाजेशी आणून ठेवली.

"टिकाराम भाऊ, बसलेच हा त टोपल्याकडं पाहजा जरा."

"शोभाबाई, मी रुसलो हाओ."

"हो ना, रुसा ना. मी कुठी नाई म्हनतो? पन ढोर तोंड घालीन, तेवढं पाहजा."

तिकडं कोठारात प्रचाराची पहिली सभा सुरू व्हायची होती, ती होईना. हार पहिला कोणाला घालायचा यावरून रूपराव उठून रेंगीत जाऊन बसले होते. "टिकारामले बोलवा," कोणी म्हणालं. "तोच त रुसून बसला हाय म्हन्ते, बाहेर," दुसरा म्हणाला. मग उमेदवार म्हणून हरिदासलाच धाडलं. हरिदास भला माणूस. रिकाम्या हातानं कसं जावं, म्हणून तो रूपरावांसाठी कपभर चहा घेऊन गेला.

परत आला तेव्हा चहा त्याच्या धोतरावर होता. त्यातही त्या भल्या माणसानं विचारलं होतं, "काऊन रुसले जी?" आणि रूपरावांनी सांगितलं होतं. बावन्न सालापासून, क्रमवार. हरिदास सरळ आपल्या दुकानात गेला आणि तिथून निरोप धाडला : मले तिकीट नाई पाह्यजे, मी बांगड्या विकतो तेच बरं.

म्हणजे आता पक्षाला उमेदवारही नव्हता आणि मनवणाराही नव्हता.

भैयाजी कोठारातून बाहेर आले, निंबाखालची बाज बघितली आणि ढेरी सांभाळत तिकडं निघाले. ते बघून, बराच वेळ एकट्यानं रुसून कंटाळलेले रूपरावही रेंगीतून उतरून आले. दोघेही बाजेसमोर उभे राहिले. दोघांनाही आजवर लोकांनी मनवलं होतं. दुसऱ्याला मनवायची वेळ दोघांवरही कधी आली नव्हती.

"काऊन रुसला रे टिकाराम?" भैयाजींनी विचारलं.

टिकारामनं डोळे मिटून घेतले. पहिल्याच वाक्यात चुकले.

"काऊन म्हून काय इचारता?" रूपराव म्हणाले. "तुमीच कापलं त्याचं नाव!"

"मी? हरिदासचं नाव पह्यले कोनाच्या मनात आलं?"

"मनात तुमच्या बी आलं! तोंड मी उघडलं का बोट माह्याकडं, म्हून तुमी दम धरला! चार सालापासून तुमचे हे खेळ पाहून राह्यलो मी!"

"मंग पाहा घरी बसून!"

भैयाजी कोठाराकडं वळले. रूपराव रेंगीकडं वळले. बाजारातली माणसं सौदे सोडून बघायला लागली. आणि टिकारामचे पाय बाजेखाली वहाणा चाचपायला लागले. त्याला माहीत होतं काय करायचं ते. आधी रूपराव, कारण त्यांची चाल मंद होती आणि मान मागं वळत होती. मग भैयाजी. दोन वाक्यांचं काम. अंगाला नुसती खाज सुटली होती. पण उठला की रुसवा मोडला, आणि रुसवा मोडला की उद्या दुपारी आर्वीला तिसऱ्याच कोणाचं नाव. त्यानं बंडीकडं बघितलं. अनुसयाबाईनं नुसतं तोंड फिरवून रस्त्याकडं केलं.

एक पाय वहाणेत गेला होता. टिकारामनं तो बाहेर काढला, दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घातली.

"पानी," तो मोठ्यानं म्हणाला.

दोघेही थबकले. "काय?"

"मनवाले येते तवा मानूस पानी आनते. अन् उभ्यानं नाई मनवत. खाली बसून मनवते. रुसलेल्याच्या खाली."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मग जमलेल्या बाजाराकडं. आता माघारी जाणं म्हणजे पहिला हार समोरच्याला. भैयाजी ढेरी सावरत जमिनीवर बसले. मालगुजारी होती तेव्हा आणि गेल्यावरही ते भुईवर बसलेले कोणी बघितले नव्हते. रूपराव त्यांच्याहून चार बोटं खालच्या जागी बसले. ते बघून भैयाजी आणखी उतारावर सरकले. रूपराव त्याच्याही खाली. असे सरकत सरकत दोघे नालीपर्यंत गेले असते, पण मध्ये शोभाबाईची टोपली आडवी आली.

"माह्ये वांगे!" शोभाबाई ओरडली.

"मंग?" भैयाजींनी टिकारामला विचारलं.

"मंग बैलाईच्या शिंगाईबद्दल बोलते."

"कोनाच्या बैलाईच्या?"

"माह्या."

दोघांनी बंडीच्या बैलांकडं बघितलं. बैल काही बघण्यासारखे नव्हते. एकाचं शिंग कानावर आलेलं, दुसऱ्याचं अर्धंच.

"शिंगं बरे हाय," भैयाजी म्हणाले.

"नुसते बरे?" रूपराव म्हणाले. "ते अर्धं पाहा. असं शिंग या तहसिलीत नाई."

"पन ते कानावरचं! काय वळन हाय त्याले!"

"अर्ध्याची सर नाई त्याले."

लोक हसत होते, पण पुढारी हसत नव्हते. टिकारामला मनवण्याचं श्रेय समोरच्याला जाऊ द्यायचं नाही, एवढंच दोघांना दिसत होतं. कोणीतरी भैयाजींच्या हाती चहाचा कप दिला. रूपरावांच्या रेंगीतून ताकाचा गडवा आला. दोघांनी एकदमच हात पुढं केले. ज्याचं आधी तोंडाला लागेल, टिकाराम त्याचा.

तीन दिवसांचा उपाशी माणूस. चहाची वाफ नाकात शिरत होती, ताकावर जिऱ्याची फोडणी तरंगत होती. टिकारामनं दोन्हींकडं बघितलं आणि म्हणाला, "पह्यले कागद. दोघाईची सही असलेला."

कागद आला. हरिदासचं नाव खोडून त्याजागी 'टिकाराम गोविंदा उगेमुगे' लिहिलं. गोविंदा तर टिकारामनं दोनदा तपासून घेतलं. सही करायला टेकू नव्हता, कोठारातलं मेज आणावं एवढा दम नव्हता. भैयाजी पाठ वाकवून बसले आणि रूपरावांनी त्यांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मग रूपराव वाकले आणि भैयाजींनी वरच्या जागेत सही केली. एकमेकांची पाठ दोघांनी इतक्या जवळून प्रथमच बघितली असावी. भैयाजींच्या कोटाला शाईचा ठिपका पडला तो पडलाच.

टिकारामनं कागद फुंकून वाळवला. मग चहा प्याला. मग ताक प्याला. भैयाजी म्हणाले, "पह्यले चहा घेतला!" रूपराव म्हणाले, "पन पुसून घेतलं ते ताकानं!" आणि दोघेही खुशीत कोठारात गेले.

बंडी गावाकडं लागली. टिकाराम कागद वाचत होता, वाचून झाला की परत वरून वाचत होता. अनुसयाबाई बैल हाकत होती.

"कुठी हा तुमी?" तिनं विचारलं.

त्यानं बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं तरी तिनं त्या बोटाखाली निरखून बघितलं आणि मान हलवली.

बाजाराची हद्द सुटते न सुटते तोच मागून हरिदास पळत आला, बांगड्यांचा आवाज करत. "थांबा जी, टिकारामजी! रूपरावजी बसले रेंगीत! त्याईची सही खाली झाली न् भैयाजीची वरतं, म्हून!"

"त्याले म्हना, उमेदवार हाय ते आता," अनुसयाबाई न थांबता म्हणाली. "उमेदवार कोनाले मनवाले जात नाई."

टिकारामनं कागदाची घडी घातली, तिच्या हातात दिली. "पदरात बांधून ठेव. घामाले लागू देऊ नोको." आणि चालत्या बंडीतून खाली उतरला.

"अवो, कुठी चालले?"

"उमेदवारालेच त साऱ्याईले मनवा लागते वो," तो म्हणाला. "घरच्यापासून सुरू करतो. तळेगाव मोठं हाय, आज सुरू केलं त मतदानापर्यंत पोचीन."

हरिदासला पुढं घालून तो बाजाराकडं चालू लागला. अनुसयाबाईनं कागद पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि बैलांना हाक दिली. उद्या आर्वीला नेसायचं धोतर अजून धुवायचं होतं.